आक्कांचं गोंदण आणि फोटोतले ठिपके

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काहीच बोलायचं नाही. आज जुन्या फोटोंबद्दल बोलायचंय. ट्रंकेत, पोथीत, देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेले, कडा पिवळ्या पडलेले फोटो सगळ्यांच्याच घरात आहेत. ते मोबाइलमध्ये घेताना, लहान-मोठे करताना त्यातलं काय हरवतं आणि हे हरवणं कुठून सुरू झालं, त्याची ही गोष्ट आहे. सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

गेल्या वर्षी आमच्या गटाला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं छोटी स्मरणिका काढायचं ठरलं. गट सुरू झाला त्या वर्षी तालुक्याहून फोटोग्राफर बोलावून एक फोटो काढून घेतला होता. बँकेच्या पायऱ्यांवर चौदा जणी, हातात नवी कोरी पासबुकं, मधोमध आक्का. आक्का आता नाहीत. त्यांचा धड असा दुसरा फोटोही नाही. आधारकार्डावर आहे, पण त्यावरून त्यांच्या घरचीच माणसं त्यांना ओळखत नाहीत. त्यांची लेक म्हणाली, "आईचा चेहरा तेवढा मोठा करून द्या. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचाय."

आम्हाला वाटलं, त्यात काय अवघड? एकीनं मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला आणि गटाच्या ग्रुपवर टाकला. दुसरीनं तो उतरवून घेऊन कडा कापल्या आणि परत टाकला. तिसरीनं झेंडूच्या माळेची चौकट लावली. कोणी रंग उजळले. शेवटी कोणीतरी एका ॲपमध्ये घालून चेहरा स्वच्छ केला. मग तो मोठा करून छापून आणला. फोटो दिसायला चकचकीत होता. लेकीनं हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि हळूच म्हणाली, "ही माझी आई नाही. हिच्या कपाळावरचं गोंदण कुठंय?"

आक्कांच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे बारीक हिरवे ठिपके होते. यंत्रानं ते डाग समजून पुसून टाकले होते. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. कोणा परक्याच बाईचा चेहरा आम्ही त्या पोरीच्या हातात दिला होता. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. चूक नेमकी कुठं झाली हे विचारायला आम्ही कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. तिथं आम्हाला सत्तर-पाऊणशे वर्षांचा इतिहास ऐकायला मिळाला. तो तुम्हालाही सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊया. यंत्रात गेलेला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. कागदावरच्या फोटोत रंग सलग असतो. यंत्र त्यावर ठिपक्यांची जाळी टाकतं आणि प्रत्येक ठिपका किती काळा, किती पांढरा, कोणत्या रंगाचा हे आकड्यात लिहून ठेवतं. ठिपके जास्त असले तर चित्र बारीक येतं, कमी असले तर ठोकळेबाज. नऊ ठिपक्यांची रांगोळी सगळ्या अंगणभर काढायची म्हटली तर ठिपके लांब लांब जातात, संख्येनं वाढत नाहीत. फोटो मोठा करताना तसंच होतं. मधल्या मोकळ्या जागेत यंत्र आजूबाजूचं बघून अंदाजानं नवे ठिपके भरतं. म्हणजे मोठ्या केलेल्या फोटोत नवी माहिती आलेली नसते, तो नुसता अंदाज असतो.

चित्राचे असे ठिपके करून पाठवण्याची धडपड संगणकाच्याही आधीची आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांसाठी लंडनहून न्यूयॉर्कला फोटो पाठवायला समुद्राखालच्या तारेचा वापर सुरू झाला. बोटीनं फोटो जायला आठवड्याहून जास्त दिवस लागायचे, तारेनं तो तीन तासांच्या आत पोचू लागला. पण सुरुवातीला त्या यंत्राला काळ्या-पांढऱ्याच्या फक्त पाच छटा पाठवता यायच्या. माणूस ओळखू यायचा, पण चेहऱ्यावरचा भाव हरवायचा. वेग पाहिजे तर बारकावा सोडायचा, हा सौदा तेव्हापासूनचा आहे. आपण मोबाइलवरून फोटो पाठवतो तेव्हा आजही तोच सौदा करत असतो.

मग आलं १९५७ साल. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत रसेल किर्श नावाचे अभियंते होते. संगणकाला आकडे कळतात, मग चित्र का कळू नये, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र बनवलं. फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा, त्यावर उजेड टाकायचा आणि कुठून किती उजेड परत येतो ते मोजायचं. आजच्या स्कॅनरचा हा पूर्वज. त्यावर चढवायला त्यांनी कुठल्या पुढाऱ्याचा फोटो घेतला नाही. आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा, वॉल्डनचा, फोटो घेतला. जगातला संगणकावर स्कॅन झालेला पहिला फोटो असा एका घरातल्या तान्ह्या बाळाचा आहे.

तो फोटो होता पाच सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. संगणकात जागा इतकी कमी, की एका ओळीत १७६ ठिपके आणि अशा १७६ ओळी एवढंच मावलं. म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आज साध्या मोबाइलच्या फोटोतही एक कोटीहून जास्त ठिपके असतात. शिवाय त्या यंत्राला एका वेळी प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढंच कळायचं. मग किर्श यांनी तोच फोटो उजेडाची पट्टी बदलून पुन्हा पुन्हा स्कॅन केला आणि सगळे एकत्र करून मधल्या करड्या छटा मिळवल्या. पुढे म्हातारपणी त्यांना आपण ठिपके चौकोनी ठेवले याची रुखरुख लागली होती. त्या चौकोनांमुळेच फोटो मोठा केला की कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. वयाची ऐंशी वर्षं उलटल्यावरही ते त्यावर उपाय शोधत होते.

या इतिहासातलं दुसरं पान बाईच्या फोटोचं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ थांबूया. १९७३ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातल्या एका विद्यापीठात फोटो लहान कसे करायचे यावर काम चालू होतं. प्रयोगासाठी त्यांना एक नवा, चकचकीत, चेहरा असलेला फोटो हवा होता. तेवढ्यात कोणीतरी पुरुषांसाठी निघणारं एक मासिक हातात घेऊन आलं. त्यात लेना नावाच्या स्वीडनच्या एका मुलीचं विवस्त्र छायाचित्र होतं. त्यांनी फक्त वरचा भाग, खांद्यापर्यंतचा, स्कॅन केला. एका ओळीत ५१२ ठिपके आणि अशा ५१२ ओळी. स्कॅनरनं एक ओळ कमी दिली, तेव्हा वरचीच एक ओळ दोनदा लावून त्यांनी आकडा जुळवून घेतला.

तो कापलेला फोटो मग जगभर फिरला. फोटो लहान करायची नवी पद्धत कोणी काढली की ती आधी लेनाच्या चेहऱ्यावर तपासायची, असा पायंडाच पडला. तिच्या टोपीवरची पिसं, केस, डोळे नीट राहिले की पद्धत चांगली. हे पन्नास वर्षं चाललं. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि आपला चेहरा असा वापरला जातोय हे तिला कितीतरी वर्षं माहीतही नव्हतं. १९९७ साली बॉस्टनच्या एका परिषदेत तिला पाहुणी म्हणून बोलावलं, तेव्हा ती भली माणसं आहेत म्हणून ती हसून सगळ्यांना भेटली. पण संगणक शिकायला येणाऱ्या मुलींना वर्गात हा फोटो बघताना संकोच वाटायचा. २०१३ मध्ये दोन महिला गणितज्ञांनी गंमत केली. आपल्या शोधनिबंधासाठी त्यांनी एका पुरुष मॉडेलचा फोटो घेतला, आणि तोही रीतसर परवानगी मागून. २०१९ मध्ये लेनानं स्वतःच सांगितलं, की मॉडेलिंगमधून मी कधीच निवृत्त झाले, आता या कामातूनही मला निवृत्त करा. १ एप्रिल २०२४ पासून अभियंत्यांच्या आयट्रिपलई या मोठ्या जागतिक संस्थेनं तो फोटो असलेले निबंध घेणं बंद केलं.

सख्यांनो, हे ऐकून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या मेळाव्याचे, वाटपाचे, प्रशिक्षणाचे कितीतरी फोटो कुठं कुठं छापले जातात. कधी चेहरा तेवढा कापून फलकावर लागतो. आम्हाला तरी कोण विचारतं? आणि आम्ही तरी आक्कांच्या कपाळावरचं गोंदण पुसताना लेकीला कुठं विचारलं होतं?

तिसरं पान आपल्या देशाच्या माणसाचं आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात प्राध्यापक होते. १९७२ साली त्यांच्या मनात चित्रातले आकडे थोडक्यात मांडायची एक गणिती रीत आली. त्यासाठी त्यांनी सरकारी अनुदानाचा प्रस्ताव पाठवला. कल्पना फारच साधी आहे म्हणून तो नामंजूर झाला. आपलाही प्रस्ताव असा परत येतो तेव्हा कसं वाटतं हे तुम्हाला सांगायला नको. अहमद थांबले नाहीत. पुढचा उन्हाळा त्यांनी बिनपगारी काढून ते काम पुरं केलं. टी. नटराजन आणि के. आर. राव या दोघांबरोबर त्यांनी ते १९७४ च्या जानेवारीत छापलं. ही दोघंही भारतीय वंशाचीच.

ती रीत चाळणीसारखी आहे. फोटोचे आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे छोटे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ उजेड-सावली किती आणि बारीक नक्षी किती हे वेगवेगळं काढायचं. ढोबळ भाग डोळ्याला पटकन दिसतो, तो ठेवायचा. बारीक भागातला डोळ्याला सहसा न कळणारा वाटा सोडून द्यायचा. त्यामुळे फोटोला लागणारी जागा कितीतरी पटीनं कमी होते. १९८६ साली तज्ज्ञांची एक समिती बसली आणि १९९२ मध्ये या रीतीवर आधारलेला एक नमुना तिनं ठरवला. समितीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जेपेग म्हणतात. मोबाइलमधल्या फोटोच्या नावापुढं जेपीजी अशी अक्षरं दिसतात, ती हीच. योगायोग बघा, त्याच १९९२ साली नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायचा पहिला प्रयोग सुरू केला. आपली पासबुकं आणि पासबुक हातात घेतलेला आपला फोटो लहान करायची रीत, दोन्ही एकाच वर्षातली.

जेपेग नसतं तर गावातल्या बाईच्या मोबाइलवर मुंबईतल्या नातवाचा फोटो आलाच नसता, म्हणून त्याला नावं ठेवायची नाहीत. पण चाळणीचा नियम लक्षात ठेवायचा. एकदा चाळलं की खाली गेलेलं परत वर येत नाही. त्यात दर वेळी फोटोत बदल करून तो पुन्हा जेपीजीत साठवला की पुन्हा चाळणी लागते. ग्रुपवर पाठवताना आणखी एकदा लागते, आणि तिथं बहुधा ठिपकेही कमी केले जातात. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढली की गट नंबर वाचता येत नाही, तसंच हे. आक्कांचा फोटो आमच्या हातून चार-पाच वेळा चाळला गेला. गोंदणाचे ठिपके म्हणजे नेमकी ती बारीक नक्षी. आधी ती पुसट झाली, आणि उरलंसुरलं ॲपनं डाग म्हणून काढलं.

मग मॅडमनी आम्हाला नीट रीत शिकवली. ती तुम्हीही करू शकता.

पहिलं म्हणजे मूळ कागदी फोटो सांभाळा. लॅमिनेशन करू नका, मागे डिंक लावू नका, शाईनं नाव लिहू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅनरवर ठेवा. स्कॅनरची काच कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

दुसरं, स्कॅन करणाऱ्याला सांगा, की इंचाला किती ठिपके घ्यायचे ते आम्ही सांगू. साधारणपणे चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. चार बाय सहा इंचाचा फोटो तेवढाच छापायचा असेल तर ३०० वर स्कॅन चालेल. दुप्पट, म्हणजे आठ बाय बारा छापायचा असेल तर ६०० वर घ्यावा लागेल. पासपोर्ट आकाराचा किंवा गटाच्या फोटोतला छोटा चेहरा असेल तर १२०० वर घ्या. सुरुवातीला जास्त घेतलेलं नंतर कमी करता येतं, कमी घेतलेलं वाढवता येत नाही.

तिसरं, पहिला स्कॅन टिफ किंवा पीएनजी या प्रकारात साठवायला सांगा. त्यात काही टाकून दिलं जात नाही. ६०० वर घेतलेला चार बाय सहाचा रंगीत फोटो टिफमध्ये साधारण २६ एमबी होतो. ही फाइल म्हणजे बियाणं. पेरणीसाठी ठेवलेली बी आपण दळायला नेत नाही. तशीच ही फाइल उघडून तिच्यात काही बदलायचं नाही. पेनड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या कोणाच्या संगणकावर एक, अशा दोन ठिकाणी ठेवा. काम करायचं ते तिच्या नकलेवर.

चौथं, कामाचा क्रम. आधी फोटो सरळ करा, मग कडा कापा, धूळ आणि ओरखडे काढा, उजेड आणि रंग नीट करा. आकार बदलायचा तो त्यानंतर, आणि एकदाच. आज थोडा लहान, उद्या आणखी थोडा लहान असं करू नका. वेगळा आकार पाहिजे असेल तर पुन्हा मूळ स्कॅनपासून सुरुवात करा. लांबी आणि रुंदी एकमेकांना बांधलेली ठेवा, नाहीतर माणूस बुटका किंवा लंबुळका होतो. लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो, तेव्हा कडा किंचित ठळक करा, तेही अगदी शेवटी. जेपीजी करायचा तो सर्वांत शेवटी, पाठवण्यापुरता. आणि ग्रुपवर पाठवताना तो फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मग मधली चाळणी लागत नाही.

पाचवं, डाग काढताना घरच्या माणसाला शेजारी बसवा. कोणता डाग धुळीचा आणि कोणता तीळ, गोंदण, देवीचा व्रण किंवा चमकी, हे यंत्राला कळत नाही. ते लेकीला कळतं.

आता आक्कांच्या फोटोचं सांगतो. मूळ फोटो आम्ही स्मरणिकेच्या कामात कुठंतरी ठेवून बसलो होतो, तो सापडेना. पण त्या वेळी चौदा जणींनी पैसे काढून एक-एक प्रत घेतली होती. एका सखीच्या घरी तिच्या सासूबाईंनी ती पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलेली निघाली. जवळपास जशीच्या तशी. मॅडमनी ती १२०० वर स्कॅन करून दिली. आक्कांचा चेहरा त्या फोटोत जेमतेम एक सेंटीमीटर रुंद आहे. मोबाइलच्या फोटोत तेवढ्या जागेत शंभर ठिपकेसुद्धा नव्हते, या स्कॅनमध्ये चारशे सत्तरच्या आसपास मिळाले. इंचाला ३०० च्या हिशेबानं चेहरा चार सेंटीमीटर रुंद, म्हणजे चौपट मोठा छापता आला.

लेकीला भिंतभर फोटो हवा होता. आम्ही तिला खरं काय ते सांगितलं. "ताई, यापेक्षा मोठा केला तर त्यात आई कमी आणि यंत्राचा अंदाज जास्त येईल." ती म्हणाली, "मग लहानच द्या." आम्ही तिला शेजारी बसवून धुळीचे डाग काढले. कपाळापाशी आलो तेव्हा तिनं पडद्यावर बोट ठेवलं, "हे राहू द्या." पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत आक्का आता त्यांच्या घरी आहेत. गोंदण दिसतं. दोन्ही डोळे थोडे मिटलेले आहेत, कारण त्या दिवशी समोरून ऊन होतं.

स्मरणिकेत छापायच्या आधी आम्ही उरलेल्या तेरा जणींना विचारलं, आणि आक्कांच्या वतीनं लेकीला. एकीनं नको म्हटलं, तिचं कारण आम्ही विचारलं नाही. तिच्या मनाविरुद्ध छापणार नव्हतो आणि तिला कापून फोटो छापणंही आम्हाला पटेना. म्हणून पूर्ण फोटो छापला नाही. त्या पानावर चौदा नावं छापली.

सख्यांनो, येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो घेऊन या. त्यात कोण आहे, कुठला आहे, साधारण कोणत्या सालचा आहे हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून आणा. ठिपके यंत्र मोजेल, पण नावं सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारून घ्यायला हवं. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.